झरमॅट : मॅटरहॉर्नच्या पायथ्याचे तीन दिवस

स्वित्झर्लंड म्हटले की मराठी पर्यटकाच्या डोळ्यांसमोर हिंदी चित्रपटांतील हिरवी कुरणे, गळ्यात घंटा बांधलेल्या गाई आणि बसच्या खिडकीतून दिसणारी बर्फाच्छादित शिखरे उभी राहतात. नेहमीच्या सहली युंगफ्राउ किंवा टिटलिसचा बर्फ दाखवून पुढच्या देशाकडे वळतात. ज्यांना मात्र डोंगर पायाखाली घालायचा आहे, त्यांच्यासाठी या देशाच्या दक्षिण टोकाला, इटलीच्या सीमेलगत, व्हॅले प्रांतातील झरमॅट हे गाव दीडशेहून अधिक वर्षे पायवाटांचे माहेरघर ठरले आहे.

समुद्रसपाटीपासून या गावाची उंची सुमारे १,६०० मीटर आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर असलेल्या कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. म्हणजे सह्याद्रीतील गिरिप्रेमी ज्या उंचीवर पोहोचून मागे फिरतो, जवळजवळ त्याच उंचीवर झरमॅटचे रेल्वे स्थानक आहे. चालण्याची सुरुवात तेथून होते.

गावाभोवती ४०० किलोमीटरहून अधिक लांबीच्या आखीव पायवाटा आहेत. दातेरी रुळांची रेल्वे, बोगद्यातून चढणारी गाडी आणि रज्जुमार्ग यांमुळे अर्ध्या तासात कोणालाही ३,००० मीटरच्या वर नेऊन सोडण्याची व्यवस्था आहे. ही सोय मोठी खरी. परंतु तिच्यामुळेच आपण किती उंच आणि किती अनिश्चित जागी उभे आहोत, याचा विसर पडण्याचा धोकाही येथे अधिक आहे. तीन दिवसांच्या छोट्या पदभ्रमणासाठी येणाऱ्याने ही गोष्ट आधीपासून ध्यानात ठेवणे हिताचे.

मोटारींविना गाव

झरमॅटमध्ये खासगी मोटारींना प्रवेश नाही. मोटारीने येणाऱ्यांना सुमारे ५ किलोमीटर अलीकडे टेश या गावी वाहन उभे करून तेथून रेल्वेने यावे लागते. हा प्रवास १२ मिनिटांचा आहे. गावात सामान वाहण्यासाठी आणि पर्यटकांची ने-आण करण्यासाठी विजेवर चालणारी छोटी चौकोनी वाहने वापरली जातात. ही वाहने आवाज न करता मागून येतात, त्यामुळे अरुंद गल्ल्यांतून चालताना सावध राहावे लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे गुराख्यांचे आणि शेतकऱ्यांचे गरीब खेडे होते. त्याच्या खुणा ‘हिंटरडॉर्फ’ या जुन्या वस्तीत आजही दिसतात. सूचिपर्णी लार्च वृक्षाच्या, उन्हाने काळवंडलेल्या लाकडाची धान्याची कोठारे तेथे खांबांवर उभी आहेत. प्रत्येक खांब आणि कोठार यांच्यामध्ये दगडाची सपाट गोल चकती बसवलेली असते. खांबावरून चढलेल्या उंदराला ही चकती ओलांडता येत नाही आणि धान्य सुरक्षित राहते. पुढे अलेक्झांडर झायलर या हॉटेल व्यावसायिकाने १८५० च्या दशकात ‘मोंटे रोझा’ हे हॉटेल नावारूपाला आणले आणि इंग्लंडमधील हौशी गिर्यारोहकांची पावले इकडे वळू लागली. व्हिस्पहून येणारी रेल्वे १८९१ मध्ये झरमॅटला पोहोचली.

दोर तुटला तो दिवस

झरमॅटचे नाव जगभर झाले ते एका पराक्रमाने आणि त्याच दिवशी घडलेल्या एका दुर्घटनेने. १४ जुलै १८६५ रोजी एडवर्ड व्हिम्पर यांच्या नेतृत्वाखालील सात जणांनी ४,४७८ मीटर उंचीच्या मॅटरहॉर्नवर प्रथमच पाऊल ठेवले. त्यांच्यात फ्रान्समधील शामोनीचे वाटाडे मिशेल क्रो, झरमॅटचे वाटाडे पीटर टाउगवाल्डर पितापुत्र, तसेच चार्ल्स हडसन, लॉर्ड फ्रान्सिस डग्लस आणि तरुण डग्लस हॅडो हे होते.

उतरताना अननुभवी हॅडो यांचा पाय घसरला. त्यांच्या धक्क्याने क्रो खाली गेले आणि त्यांच्यापाठोपाठ हडसन व डग्लस ओढले गेले. थोरले टाउगवाल्डर आणि डग्लस यांच्यामधील दोर तुटला. चौघे उत्तरेच्या कड्यावरून हिमनदीवर कोसळले, तर व्हिम्पर व टाउगवाल्डर पितापुत्र वाचले. डग्लस यांचा देह कधीही सापडला नाही. टाउगवाल्डर यांनी दोर कापला असावा, अशी कुजबुज पुढे अनेक वर्षे चालली. चौकशीत त्यांना दोषमुक्त करण्यात आले. तुटलेला दोर बारीक आणि कमकुवत होता. मजबूत दोर जवळ असताना तो का वापरला गेला, हा प्रश्न मात्र गिर्यारोहणाच्या इतिहासात कायम राहिला.

त्या दोराचा तुकडा झरमॅटच्या मॅटरहॉर्न संग्रहालयात काचेमागे ठेवलेला आहे. मिशेल क्रो यांची समाधी गावातील चर्चच्या दफनभूमीत आहे आणि तिच्याभोवती नंतरच्या काळात डोंगराने नेलेल्या अनेक तरुणांची नावे दगडांवर कोरलेली आहेत. लुसी वॉकर या १८७१ मध्ये मॅटरहॉर्नवर पोहोचणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. आजवर या एका डोंगराने ५०० हून अधिक बळी घेतले आहेत. पदभ्रमणासाठी आलेल्यांनी पहिल्या संध्याकाळी संग्रहालय आणि दफनभूमी या दोन्ही ठिकाणी जाऊन यावे. दुसऱ्या दिवशीची पावले त्यामुळे अधिक जपून पडतात.

पहिला दिवस : पाच तळी

मुंबई-पुण्यासारख्या शहरांतून आलेल्या शरीराला उंचीची सवय व्हावी यासाठी पहिल्या दिवशी २,५०० मीटरच्या आसपासची वाट निवडावी. ‘पाच तळ्यांची वाट’ त्यासाठी योग्य आहे. गावातून डोंगराच्या पोटातून चढणाऱ्या गाडीने काही मिनिटांत सुनेगा (२,२८८ मीटर) येथे आणि तेथून रज्जुमार्गाने ब्लाउहेर्ड (२,५७१ मीटर) येथे पोहोचता येते. येथून सुरू होणारी वाट पाच तळ्यांना स्पर्श करत सुनेगाला परत येते. अंतर साडेनऊ किलोमीटरच्या आसपास असून निव्वळ चालण्याचा वेळ अडीच ते तीन तासांचा आहे.

पहिले स्टेलीझे तळे वारा पडलेला असताना मॅटरहॉर्नचे संपूर्ण प्रतिबिंब दाखवते. त्यासाठी सकाळी लवकर पोहोचणे उत्तम. दुसरे ग्रिंडयीझे लार्च वृक्षांच्या सावलीत आहे. तिसऱ्या ग्र्यूनझेच्या परिसरात हिरवळ कमी आणि दगडधोंडे अधिक. चौथ्या मूसयीझेचे पाणी हिमनदीने दळलेल्या खडकाच्या पिठामुळे दुधाळ निळसर दिसते. शेवटचे लाइझे सुनेगाच्या अगदी जवळ असून उन्हाळ्यात मुले त्यात डुंबतात. वाटेत चढ-उतार आहेत, पण कोठेही हाताचा आधार घेऊन चढावे लागत नाही.

रंग ओळखून चालावे

सह्याद्रीत वाट चुकण्याची सवय असलेल्या भटक्यांना स्विस पायवाटांवरील शिस्त नवलाची वाटते. प्रत्येक फाट्यावर पिवळी पाटी असते. तीवर पुढच्या ठिकाणाचे नाव आणि तेथे पोहोचण्यास लागणारा वेळ तास-मिनिटांत लिहिलेला असतो. हा वेळ अखंड चालण्याचा असतो. विश्रांती, न्याहारी आणि छायाचित्रे यांचा त्यात समावेश नसतो. अशा पाट्यांची कल्पना योहान याकोब एस या शिक्षकाने मांडली आणि १९३४ मध्ये पायवाटांसाठी देशव्यापी संघटना उभी राहिली. पुढे १९७९ मध्ये स्विस जनतेने मतदानाने पायवाटांना राज्यघटनेत स्थान दिले. आज देशभरात सुमारे ६५,००० किलोमीटर वाटा याच पद्धतीने आखलेल्या आहेत.

पाट्यांवरील रंगांचा अर्थ पाठ असणे आवश्यक आहे. केवळ पिवळी खूण म्हणजे सर्वांसाठीची सोपी वाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरी वाट. येथे पाय स्थिर हवेत, उंचीची भीती नको आणि पायात पकड असलेले बूट हवेत. पांढरा-निळा-पांढरा पट्टा म्हणजे अतिउंच पर्वतातील वाट. ती हिमनदीवरून, घसाऱ्यावरून किंवा कातळावरून जाऊ शकते आणि दोर, बर्फावरील साधने व अनुभव यांशिवाय तिच्या वाटेला जाऊ नये. तीन दिवसांसाठी आलेल्या पर्यटकाची मर्यादा पांढऱ्या-लाल-पांढऱ्या पट्ट्यापाशी संपते.

दुसरा दिवस : गोर्नरग्राट आणि हिमनदी

गोर्नरग्राटची दातेरी रुळांची रेल्वे १८९८ मध्ये सुरू झाली. विजेवर चालणारी ती स्वित्झर्लंडमधील पहिली दातेरी रेल्वे. झरमॅटहून ३३ मिनिटांत ती ३,०८९ मीटर उंचीवर पोहोचते. माथ्यावरून मोंटे रोझा, लिसकाम, जुळ्या भावांसारखी कॅस्टर व पोलक्स ही शिखरे, ब्राइटहॉर्न आणि एकाकी मॅटरहॉर्न असा पट उलगडतो. मोंटे रोझा पर्वतातील ड्युफोर शिखर ४,६३४ मीटर उंच असून ते स्वित्झर्लंडमधील सर्वोच्च आहे.

इतक्या झटपट उंची गाठल्यावर डोके दुखणे, धाप लागणे किंवा मळमळणे स्वाभाविक आहे. माथ्यावर धावपळ करू नये, पाणी भरपूर प्यावे आणि त्रास वाढू लागल्यास पहिल्या गाडीने खाली यावे. उंचीच्या त्रासावर खाली उतरण्याइतका खात्रीचा दुसरा उपाय नाही.

चालण्यासाठी परतीच्या वाटेवर रोटनबोडेन (२,८१५ मीटर) या स्थानकावर उतरावे. खाली काही मिनिटांवर रिफेलझे हे तळे आहे आणि त्यातही मॅटरहॉर्न उलटा उभा दिसतो. तेथून वाट रिफेलबेर्ग (२,५८२ मीटर) येथे उतरते. सवड असल्यास पुढे रानातून थेट गावापर्यंत चालत जाता येते. मात्र हा उतार लांबलचक असल्याने गुडघ्यांची परीक्षा पाहतो. हातात दोन काठ्या असाव्यात.

अमेरिकन लेखक मार्क ट्वेन याच वाटांवर येऊन गेला होता. १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अ ट्रॅम्प अब्रॉड’ या प्रवासवर्णनात त्याने गोर्नर हिमनदीवर बसून, ती सरकत सरकत आपल्याला खाली झरमॅटला नेईल अशी वाट पाहिल्याची थट्टा केली आहे. हिमनदी खरोखरच सरकते, पण इतकी सावकाश की प्रवासाला शतके लागावीत. आज ती थट्टाही जुनी झाली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून गोर्नर हिमनदीचे टोक अडीच किलोमीटरहून अधिक मागे हटले आहे. माथ्यावरून पाहताना बर्फाच्या दोन्ही बाजूंना उघड्या पडलेल्या राखाडी उतारांवरून तिची जुनी उंची सहज ओळखता येते.

तिसरा दिवस : रँडाचा झुलता पूल

तिसऱ्या दिवशी रज्जुमार्गाची मदत न घेता पूर्ण चढाई पायी करावी. झरमॅटच्या खालच्या बाजूला, रेल्वेच्या मार्गावर, रँडा हे छोटे गाव आहे. तेथून रानातील खड्या वाटेने सुमारे ७०० मीटर चढून गेल्यावर ‘चार्ल्स कुओनेन’ झुलता पूल लागतो. जुलै २०१७ मध्ये खुला झालेला हा पूल ४९४ मीटर लांब असून त्याची जमिनीपासूनची कमाल उंची ८५ मीटर आहे. उद्घाटनावेळी तो जगातील सर्वांत लांब झुलता पादचारी पूल म्हणून गाजला. रुंदी एका माणसापुरतीच आहे आणि पायाखालच्या जाळीतून दरी दिसते. ज्यांना उंचीची भीती वाटते, त्यांनी मधोमध अडकण्यापेक्षा कडेवरूनच दृश्य पाहावे. चढ, पूल आणि उतार मिळून चार ते पाच तास हाताशी ठेवावेत.

हा पूल हौसेखातर बांधलेला नाही. ग्रेखेन ते झरमॅट ही ‘ऑयरोपावेग’ नावाची वाट येथून जाते. १९९७ मध्ये खुल्या झालेल्या या वाटेवर दरडींचा धोका आहे. आधीचा पूल २०१० मध्ये बांधला गेला आणि कोसळणाऱ्या दगडांमुळे तो लवकरच बंद करावा लागला. त्यामुळे नवा पूल दगडांच्या माऱ्यापासून दूर नेण्यात आला. रँडाच्या परिसरातच डोंगराचा एक मोठा ओरखडा दिसतो. एप्रिल आणि मे १९९१ मध्ये तेथील कडा टप्प्याटप्प्याने कोसळला. सुमारे ३ कोटी घनमीटर खडक खाली आला, फिस्पा नदीचा प्रवाह अडला आणि झरमॅटकडे जाणारी रेल्वे गाडली गेली. पुढे रेल्वे आणि रस्ता दोन्ही नव्या मार्गाने वळवावे लागले.

डोंगर का हलतो आहे?

उंच आल्प्समधील कातळाच्या भेगांत वर्षानुवर्षे गोठलेला बर्फ असतो. तो खडकाचे तुकडे एकत्र धरून ठेवतो. उष्णता वाढली की हा बर्फ वितळतो आणि सैल झालेले खडक घसरू लागतात. जुलै २००३ मध्ये युरोपातील उष्णतेच्या लाटेत मॅटरहॉर्नच्या होर्नली धारेवर दरड कोसळली आणि वर अडकलेल्या गिर्यारोहकांना हेलिकॉप्टरने उतरवावे लागले.

हिमनद्यांचा ऱ्हास आकड्यांतूनही दिसतो. स्वित्झर्लंडमधील हिमनद्यांनी २०२२ मध्ये आपल्या एकूण बर्फापैकी ६ टक्के आणि २०२३ मध्ये आणखी ४ टक्के बर्फ गमावला. झरमॅटच्या वर, थिओडुल हिमनदीच्या भागात, स्वित्झर्लंड व इटली यांची सीमा बर्फाच्या पाणलोट रेषेने ठरली होती. बर्फ हटल्याने रेषाच सरकली आणि दोन्ही देशांना २०२३ मध्ये सीमा नव्याने आखण्यावर सहमती करावी लागली. याच व्हॅले प्रांतातील ब्लाटन या गावावर २८ मे २०२५ रोजी बिर्श हिमनदी आणि तिच्यावर साचलेला खडक कोसळला. गावाचा बहुतांश भाग गाडला गेला. तज्ज्ञांनी डोंगराच्या हालचालीवर लक्ष ठेवून सुमारे ३०० रहिवाशांना आधीच बाहेर काढले होते, म्हणून मोठी जीवितहानी टळली. तरीही एकाला प्राण गमवावे लागले.

या घटनांमुळे झरमॅटला जाऊ नये, असा अर्थ काढण्याचे कारण नाही. मात्र ‘वाट बंद’ अशी पाटी दिसली की ती केवळ औपचारिकता नाही, हे ओळखावे. एखादी वाट गेल्या वर्षी सुरू होती म्हणून या वर्षी सुरू असेलच असे नाही. निघण्यापूर्वी गावातील पर्यटन कार्यालयात त्या दिवशीची स्थिती विचारावी.

संकटात कोण येते?

झरमॅटच्या डोंगररांगांत बचावकार्य करणारी ‘एअर झरमॅट’ ही हेलिकॉप्टर सेवा १९६८ मध्ये स्थापन झाली. व्हॅले प्रांतात वैद्यकीय संकटासाठी १४४ हा क्रमांक फिरवावा. युरोपभर चालणारा ११२ हा क्रमांकही उपयोगी पडतो. भ्रमणध्वनीला संपर्क नसल्यास दोन्ही हात वर करून ‘व्ही’ आकारात उभे राहणे म्हणजे हेलिकॉप्टरला ‘मदत हवी’ असे सांगणे. एक हात वर आणि एक खाली म्हणजे ‘मदत नको’. उतरणाऱ्या हेलिकॉप्टरकडे पाहून आनंदाने हात हलवू नयेत.

ही सेवा फुकट नसते. परदेशी पर्यटकाला बचावाचा खर्च स्वतः सोसावा लागतो आणि तो हजारो फ्रँकच्या घरात जाऊ शकतो. प्रवास विमा घेताना डोंगरातील चालणे आणि हेलिकॉप्टरने केलेला बचाव त्यात समाविष्ट आहे का, हे वाचून पाहावे. अनेक विम्यांत विशिष्ट उंचीची मर्यादा असते.

जाण्यापूर्वी

हंगाम : पदभ्रमणासाठी जूनअखेर ते सप्टेंबर हा काळ उत्तम. जूनमध्ये उंचावरील वाटांवर बर्फ असू शकतो. ऑक्टोबरमध्ये लार्च वृक्ष सोनेरी होतात, पण काही रज्जुमार्ग देखभालीसाठी बंद असतात.

व्हिसा : भारतीय नागरिकांना शेंगेन व्हिसा लागतो. त्यासाठी किमान ३०,००० युरोचे वैद्यकीय विमा संरक्षण अनिवार्य आहे. उन्हाळ्यात मागणी मोठी असल्याने अर्ज पुरेसा आधी करावा.

प्रवास : झुरिक किंवा जिनिव्हा विमानतळावरून रेल्वेने व्हिस्प आणि तेथे गाडी बदलून झरमॅट. व्हिस्पपासूनचा प्रवास सुमारे सव्वा तासाचा आहे. चलन स्विस फ्रँक.

सामान : पकड असलेले घोट्यापर्यंतचे बूट, पावसाळी जाकीट, उबदार थर, टोपी, काळा चष्मा, उन्हाचे मलम, काठ्या, पाण्याची बाटली आणि कागदी नकाशा. गावातील कारंज्यांचे पाणी, वेगळी सूचना नसल्यास, पिण्यायोग्य असते.

आहार : शाकाहारींसाठी बटाट्याचा रोष्टी आणि वितळलेल्या चीजचे राक्लेट व फाँड्यू मिळतात. फाँड्यूत सहसा वाइन असते, त्यामुळे मद्य वर्ज्य असणाऱ्यांनी आधी विचारावे.

वेळ : उन्हाळ्यात दुपारनंतर विजांसह वादळ येण्याची शक्यता असते. सकाळी लवकर निघून दुपारी खाली पोहोचण्याचा बेत आखावा. रज्जुमार्गाची आणि रेल्वेची शेवटची फेरी किती वाजता आहे, हे चढण्यापूर्वीच टिपून ठेवावे. ढग उतरू लागले, वाट दिसेनाशी झाली किंवा सोबत्याचे पाय थकले, तर ठरलेले ठिकाण अर्ध्या तासावर असले तरी मागे फिरावे.